शृंगभस्म : पुटसंस्कार आणि शोषण

महात्मा फुले मंडईच्या परिसरातील काष्ठौषधींच्या दुकानांत सांबरशिंगाची विचारणा आजही होते. सहाणेवर उगाळून बरगडीवर लेप द्यावयाचा, ही घरगुती रीत जुनीच आहे. आता तिच्या जोडीस नवा प्रश्न येतो: परदेशी कॅप्सूलमधील मृगशिंग आणि आपले शृंगभस्म एकच काय?

ही दोन द्रव्ये सर्वस्वी भिन्न आहेत. न्यूझीलंडसारख्या देशांत हरणाचे कोवळे, लवयुक्त शिंग कापून, गोठवून वा उष्ण हवेने वाळवून त्याचे चूर्ण करतात. त्यात प्रथिने शिल्लक राहतात. गोल्फपटू विजय सिंग यांच्या प्रकरणामुळे 2013 साली याच शिंगाचा फवारा जगभर गाजला. त्यातील वाढघटकांचा मोठा बोलबाला होतो; परंतु हे घटक प्रथिनजन्य असल्याने महास्रोतसात त्यांचे पचनच होते. इन्सुलिन तोंडावाटे देत नाहीत, त्याचे कारण हेच.

आपण घेतो ते पक्व शिंग. तुकडे करून, अर्कक्षीराची भावना देऊन, शरावसंपुटात गजपुट दिले की सेंद्रिय अंश जळतो. उरते ते मुख्यत्वे कॅल्शियम-फॉस्फेट. अर्कक्षीराचाही सेंद्रिय अंश पुटात टिकत नाही. म्हणून भावनेपेक्षा तिच्या निमित्ताने होणारे मर्दन आम्हांस अधिक मोलाचे वाटते; कण जितके सूक्ष्म, तितके ते जठराम्लात लवकर विरघळतात. अग्नी कमी पडल्यास भस्म काळसर राहते, कारण त्यात कोळसा उरतो. अतिदाह झाल्यास स्फटिक मोठे होऊन विद्राव्यता घटते, शिवाय थोडा कळीचा चुना तयार होऊ शकतो. असे भस्म जिभेवर चरचरते व ओला तांबडा लिटमस निळा करते. नवी खेप आली की औषधविक्रेत्यांनी ही सोपी परीक्षा अवश्य करावी.

मात्रेचा हिशेब तर बहुधा कोणी करीतच नाही! 2 रत्ती, म्हणजे सुमारे 250 मिलिग्रॅम भस्मात कॅल्शियम जेमतेम 100 मिलिग्रॅम. प्रौढाची दैनंदिन गरज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 1000 मिलिग्रॅम. त्यातीलही काही अंशच शोषला जातो, आणि पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांत तो आणखी घटण्याचा संभव आहे. तेव्हा हाडांसाठी कॅल्शियम म्हणून हे भस्म विकणे उचित नव्हे. तुपाने शोषण वाढते, असेही आम्ही म्हणणार नाही. कोरड्या कासात तुपाची स्निग्धता उपकारक ठरते, तो त्याचा निराळा गुण.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिंगाचा समावेश 'ट्रॉफी'च्या व्याख्येत आहे. 'जंगलात गळून पडलेले' या तोंडी खात्रीवर कच्चे शिंग घेऊ नये. तयार भस्माचेही परवानाधारक उत्पादकाचे बिल जपून ठेवावे.

चक्रदत्ताने पुटदग्ध हरिणशृंग हृच्छूलात सांगितले आहे खरे. पण छातीत दाब, घाम आणि डाव्या हातात कळ घेऊन आलेल्या रुग्णास दुकानातून पुडी देऊ नये. त्यास तत्काळ ईसीजीसाठी रुग्णालयात धाडावे.