मोजपट्टीचं जंगल

ब्राझीलमधल्या मानाउस शहराच्या उत्तरेला, साधारण 80 किलोमीटरवर, 1979 साली थॉमस लव्हजॉय या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं एक प्रयोग मांडला. गुरांच्या कुरणांसाठी तिथलं जंगल तुटणारच होतं. कायद्यानं जमीनमालकाला निम्मं राखावं लागे. मग त्यातलं थोडं 1, 10 आणि 100 हेक्टरच्या तुकड्यांत राखा, एवढंच लव्हजॉय यांचं मागणं. एक मोठं अभयारण्य बरं की लहान लहान अनेक, यावर तेव्हा कागदोपत्री भांडण जोरात होतं. इथे तोडीआधी आणि तोडीनंतर पाखरं मोजता येणार होती.

उत्तर यायला वेळ लागला नाही. कुऱ्हाड पडताच आजूबाजूची पाखरं तुकड्यांत दाटीवाटीनं शिरली आणि मग ओसरली. लहान तुकड्यांतून आधी गेले ते लष्करी मुंग्यांमागे फिरणारे पक्षी. मुंग्यांची फौज पाचोळ्यातून निघाली की जीव घेऊन पळणारे किडे टिपायचे, यावर त्यांचं पोट. 100 हेक्टरच्या तुकड्यातूनही जंगलाच्या तळाशी राहणाऱ्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती 15 वर्षांच्या आत जातात, असा हिशेब 2003 मध्ये निघाला. सोडून दिलेल्या कुरणांवर सेक्रोपियाच्या झाडांचं रान माजलं, तिथून मात्र काही जाती तुकड्यांत परतल्या.

हे सगळं ताडून पाहायचं ते शेजारच्या अखंड जंगलाशी. ते बदलणार नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. पण सगळे तसंच धरून चालले होते.

1991 पासून तिथे काम करणाऱ्या फिलिप स्टाउफर यांना 2008 च्या सुमारास वेगळीच शंका आली. अखंड जंगलातही काही पाखरं दिसेनाशी होत होती. त्यातलं एक म्युझिशियन रेन. मूठभर तपकिरी पाखरू, गळा-छाती तांबूस, पाचोळा उलथून किडे शोधणारं. आवाज मात्र असा, की कुणी जंगलात बसून बासरीचे सूर लावून बघतंय असं वाटावं. ब्राझीलमधला दंतकथेतला उइरापुरू तो हाच, आणि त्याच्या नावानं विला-लोबोस यांनी बॅलेसाठी संगीत रचलं. पण आठवणीतलं जंगल नेहमीच जास्त गजबजलेलं असतं. नुसत्या आठवणीवर शास्त्र चालत नाही.

इथे कामाला आलं ते कंटाळवाणं दप्तर. 1980 च्या दशकापासून पक्षी जाळीत धरायचा, तोलायचा, पायात कडी घालून सोडायचा. 2020 मध्ये आकडे ताडले तेव्हा शंका खरी ठरली: जमिनीवर किडे वेचणारे पक्षी सर्वांत जास्त घटले होते. गंमत म्हणजे तुकड्यांतून आधी गेलेला, मुंग्यांमागे जाणारा व्हाइट-प्लुम्ड अँटबर्ड अखंड जंगलात जसाच्या तसा होता.

पुढच्या वर्षी वजनांची पाळी आली. 77 जाती पाहिल्या. जवळपास सगळ्या हलक्या झालेल्या, दर दशकाला सरासरी 2 टक्क्यांच्या आसपास. अनेकांचे पंखही लांबले. दरम्यान तिथला कोरडा ऋतू आणखी कोरडा आणि गरम होत गेला होता. करवतीचा इथे संबंधच नव्हता. लव्हजॉय त्याच वर्षी डिसेंबरात गेले.

2025 चा अभ्यास 29 जातींचा. कोरड्या ऋतूचं सरासरी तापमान 1 अंशानं वाढलं, तर पक्ष्यांचं तगून राहण्याचं प्रमाण सरासरी 63 टक्क्यांनी घसरतं, असं त्यात निघालं. 29 पैकी 24 जातींना ती झळ लागते.