खांदेरी : तोफांच्या बेटावरचं दीपगृह

दक्षिणेकडून मुंबई बंदराकडे येताना अलिबागजवळच्या थळ गावासमोर दोन बेटं लागतात, खांदेरी आणि उंदेरी. खांदेरीवर आधी किल्ला उभा राहिला आणि जवळपास दोनशे वर्षांनी दीपगृह. दोन्हींचं कारण एकच: बंदराची वाट इथून दिसते.

१६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमावरून त्यांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी खांदेरीवर तटबंदीचं काम सुरू केलं, तेव्हा मुंबईकर इंग्रजांना घोर लागला. इथे मराठ्यांचा तळ पडला की बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक गलबत त्यांच्या नजरेखालून जाणार! म्हणून इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. ऑक्टोबरात मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार त्यांच्यावर चालून गेलं. इंग्रजांचं 'डव्ह' जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. इंग्रज कप्तान केग्विनच्या 'रिव्हेंज' जहाजानं मात्र दमदार झुंज देऊन मराठी होड्यांना नागोठण्याच्या खाडीकडे पिटाळलं. पण खरा निकाल या चकमकीत लागलाच नाही. इंग्रजांची जड जहाजं वाऱ्यावर अवलंबून, तर मराठ्यांच्या वल्ह्यांच्या उथळ होड्या रात्री त्यांना चुकवून बेटावर रसद पोचवत राहिल्या. तट चढत गेला. १६८० च्या जानेवारीत मराठ्यांचा शत्रू असलेल्या जंजिऱ्याच्या सिद्दीनं उंदेरी बळकावून तिथे तोफा चढवल्या; इंग्रज माघारी गेले आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. पुढे १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून आरमार घेऊन आला, तोही मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या या किल्ल्यापुढे हात हलवत परतला.

मराठेशाही संपल्यावर इंग्रजांनी १८६७ मध्ये इथेच दगडी अष्टकोनी दीपगृह बांधलं. सुमारे पंचवीस मीटर उंचीचा हा मनोरा आज कान्होजींचंच नाव मिरवतो. याच बंदराच्या वाटेवर आठ वर्षांनी, १८७५ मध्ये, अभियंता थॉमस ऑर्मिस्टननं कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकांवर प्राँग्ज दीपगृह उभारलं.

बेटावर उतरलं की दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. तटावरच्या तोफा अजून आपल्या चाकांच्या लोखंडी गाड्यांवर आहेत. असे गाडे आपल्या किल्ल्यांवर फारच क्वचित टिकलेत. दुसरी गोष्ट म्हणजे एक भलामोठा खडक, ज्यावर दगड आपटला की भांड्यासारखा खणखणीत आवाज येतो. जवळच वेताळाचं देऊळ आहे. तिथल्या पांढऱ्या शिळेला कोळी बांधव मनोभावे भजतात.

२०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे, उंदेरी नाही. ही उणीव सलते. खांदेरीचा वेढा कळायचा तर समोरचं सिद्दीचं ठाणं, उंदेरीही, पाहायलाच हवं, आणि त्या पडक्या तटाकडे लक्ष द्यायची वेळ आत्ताच आहे.