सावित्रीच्या काठाने समुद्राकडे

फाल्गुन लागला की गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोच. ज्वारीची काढणी उरकलेली असते आणि ऊन अजून भाजायला लागलेलं नसतं. आपल्या माणदेशातून बायका निघतात त्या बहुधा पूर्वेला, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटला. आज आम्ही पश्चिमेची वाट सांगणार आहोत: तीन दिवसांची, एका नदीच्या सोबतीने समुद्रापर्यंत जाणारी. आणि या वाटेवर फोनमधून चांगले फोटो कसे काढायचे, तेही सांगू.

आधी खर्चाचं बोलू. गटाच्या कर्जाच्या पैशाला सहलीसाठी हात लावायचा नाही. महिन्याला दोनशे रुपये वेगळे टाकले, तर दहा महिन्यांत प्रत्येकीचे दोन हजार होतात. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे. म्हणून सासूबाईंना घरी ठेवायचं कारण नाही. त्यांचं आधार कार्ड तेवढं जवळ असू द्या.

पहिला मुक्काम महाबळेश्वरचा. क्षेत्र महाबळेश्वरच्या जुन्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांची उगमं मानतात. आपल्या माणगंगेचं पाणी भीमेत जातं, भीमेचं कृष्णेत, आणि कृष्णा थेट पूर्वेच्या समुद्राला मिळते. सावित्री मात्र उलटी वळते. ती घाटाखाली उतरून पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते, आणि तिथून अरबी समुद्रात. आपली वाट हीच. एकाच डोंगरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच्या पाठीमागे आपल्याकडे पाचशेच्या आसपास. ढग पश्चिमेकडून येतात, डोंगराला अडतात आणि तिथेच मोकळे होतात. आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं. शाळेच्या पुस्तकात हे वाचलेलं असतं, पण कड्यावर उभं राहून दोन्हीकडे पाहिलं की ते कळतं.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने उतरताना प्रतापगड लागतो. गडावर भवानीमातेचं देऊळ आहे. पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं. या दिवसांत घाटात बघण्यासारखं पुष्कळ असतं. पळस केशरी झालेला असतो, पांगारा आणि काटेसावर लाल. कुसुंबाची कोवळी पालवी इतकी तांबडी असते की लांबून फुलंच वाटतात.

घाट नागमोडी आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं आणि निघताना भरपेट खाऊ नये. घाट दिवसाउजेडीच उतरायचा. रात्रीचा मुक्काम महाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चवदार तळ्यावर जायचं. आपण पाण्यासाठी टँकरमागे धावलेल्या बायका, म्हणून हे ठिकाण चुकवू नका. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून हे तळं सगळ्यांना खुलं केलं होतं, पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह इथे आले आणि ओंजळीने पाणी प्यायले. पुढे कोर्टकचेरी झाली, ती १९३७ पर्यंत चालली, आणि निकाल तळं खुलं ठेवण्याच्या बाजूने लागला. २० मार्चला इथे मोठी गर्दी असते. लेकरं, म्हाताऱ्या बरोबर असतील तर आदल्या-मागच्या दिवशी जा. हातात चार दिवस असतील तर महाडहून रायगडही करता येतो. हिरकणीवाडीतून रोपवे आहे, त्यामुळे वयस्कर बायकांनाही गड बघता येतो.

महाडहून मंडणगड तालुक्यातलं वेळास गाठायचं. याच तालुक्यात आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव आहे. वेळास नाना फडणवीसांचं गाव म्हणून आधीपासून माहीत होतं, आता ते कासवांचं गाव म्हणून ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ही अंडी माणसं नाहीतर कोल्ही-कुत्री न्यायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती कुंपणात सांभाळायला सुरुवात केली. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा काळ. सकाळी आणि संध्याकाळी त्यांना समुद्रात सोडतात. एखाद्या दिवशी पिल्लू निघतही नाही, तेव्हा आधी फोन करून चौकशी करा आणि एक रात्र तिथे राहा. गावातल्या घरांतच राहायची-जेवायची सोय होते. चार पैसे तिथल्या बायकांच्या हाती जातात आणि त्यांनी घरातच हा धंदा कसा बसवला, हे आपल्यालाही शिकता येतं.

आता फोटो. फोनची काच आधी पदराच्या मऊ टोकाने पुसा. निम्मे फोटो धुरकट येतात ते या बोटांच्या डागांमुळे. फोन दोन्ही हातांनी धरा, कोपरं अंगाला टेकवा. ज्याचा फोटो काढायचा तो लांब असेल तर पडदा ताणून मोठा करू नका, चार पावलं पुढे जा. कड्यावर मात्र पुढे-मागे सरकू नका, कठड्याच्या आतच राहा. बारा ते तीन ऊन डोक्यावर असतं आणि डोळ्यांखाली काळी सावली पडते. त्या वेळी झाडाच्या किंवा देवळाच्या सावलीत काढा. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर उजेड मऊ असतो.

मार्चअखेरीला वेळासच्या किनाऱ्यावर पावणेसातच्या सुमारास सूर्य समुद्रात बुडतो. समोर सूर्य ठेवून काढला तर माणूस काळा दिसतो. चेहरा हवा असेल तर सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा. सूर्य बुडाला म्हणून लगेच फोन ठेवून देऊ नका. पुढची पंधरा मिनिटं आभाळाचा रंग सर्वांत चांगला असतो. ओल्या वाळूत त्याचं प्रतिबिंबही पडतं. पाण्यात मात्र घोट्यापर्यंतच, आणि समुद्राकडे पाठ करून कुणी उभं राहायचं नाही.

कासवाच्या पिल्लांचा फोटो काढताना फ्लॅश आणि टॉर्च पूर्ण बंद. पिल्लू उजळ दिसणाऱ्या दिशेला चालतं, आणि मोकळ्यावर ती दिशा म्हणजे समुद्र. आपण मागून उजेड पाडला तर ते उलट फिरतं आणि दमून मरतं. दोरीच्या आत जायचं नाही, हात लावायचा नाही. मासळी विकणाऱ्या बाईचा, शिमग्याच्या पालखीचा फोटो काढायचा तर आधी विचारा. आपल्या दारात येऊन कुणी न विचारता आपला फोटो काढला तर आपल्याला कसं वाटेल?

आणि एक काम प्रत्येक गटाने करायचंच आहे. आमच्या गटांतल्या कितीतरी साठीपुढच्या बायकांकडे आधार कार्ड सोडलं तर स्वतःचा एकटीचा फोटो नाही. बाई गेल्यावर घरचे शोधायला लागतात. मग कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतला चेहरा कापून मोठा करतात. डोळे अर्धे मिटलेले, कडेला शेजारणीचा खांदा. तोच भिंतीवर हार घालून लागतो. म्हणून या सहलीत प्रत्येकीचा एकटीचा एक चांगला फोटो काढायचा. सकाळच्या उजेडात, कंबरेपासून वर. “हसा” म्हणू नका, त्याने चेहरा ताठतो. तिला माहेरचं काहीतरी विचारा, ती बोलत असताना चार-पाच काढा, आणि त्यातला तिला आवडेल तो ठेवा. निवड तिची.

परत आल्यावर फोन बिघडायच्या आत स्टुडिओत जाऊन ते फोटो कागदावर छापून घ्या. व्हॉट्सअॅपवर नुसता पाठवला तर फोटो बारीक होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागे पेनाने नाव, गाव, तारीख लिहा. नाव तिचं स्वतःचं लिहा. अमक्याची आई, तमक्याची मंडळी एवढंच नको. हा खर्च सहलीच्या दोन हजारांतच धरून ठेवा.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. कोण येणार, लेकरं कुणाकडे ठेवायची, जनावरांना वैरण-पाणी कोण करणार, हे आधी ठरवून मग घरी विचारा. सगळं ठरवून विचारलं की नाही म्हणणं अवघड जातं, हा आमचा अनुभव आहे.