कल्पित जगातील वृत्तसंस्था

तेविसाव्या शतकातील एका अंतराळस्थानकाची कथा सांगणारी ‘बॅबिलॉन ५’ ही अमेरिकन चित्रवाणी-मालिका १९९४ ते १९९८ या काळात गाजली. तिच्यात ‘आय. एस. एन.’ नावाची एक कल्पित वृत्तसंस्था आहे. पृथ्वीचा अध्यक्ष हुकूमशहा बनतो व संस्थेवर सैनिक चालून येतात. तिचे प्रक्षेपण बंद पडते. पुढे ती पुन्हा सुरू होते, परंतु सत्तेची बटीक म्हणून. १९९७ मधील एका भागात तिचा वार्ताहर स्थानकावर मुलाखती घेतो. शब्द बोलणाऱ्यांचेच राहतात. मात्र त्यांची काटछाट व जोडणी अशी केली जाते की, अर्थ उलटाच व्हावा!

ही केवळ कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये आपल्या सुरतेत प्लेगची वार्ता पसरताच लाखो लोक भीतीने शहर सोडून गेले. अशा वेळी खरे वृत्त औषधाइतकेच मोलाचे असते. म्हणून विद्यार्थी मित्रहो, बातमी वाचताना ती कोणी दिली, तिच्यातून काय गाळले आणि अन्यत्र तिला दुजोरा मिळतो काय, हे अवश्य पाहावे. मगच ती दुसऱ्यास सांगावी.