बाल्सा : हलके, पण लेचेपेचे नव्हे

लाकूड जड तेवढे मजबूत, असा आपला रोजचा हिशेब. तुळईला साग, औताला बाभूळ! हा हिशेब खोटा नाही, पण पुरा खराही नाही. कसा, ते पाहू.

दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर देशाच्या दमट रानात बाल्सा नावाचे झाड होते. आपल्या काटेसावरीचे ते दूरचे नातलग. बाल्सा या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी तराफा. एक घनमीटर पाणी १००० किलो भरते, तेवढाच साग सुमारे ६५० किलो. आणि वाळलेला बाल्सा साधारण १६० किलो!

मग या लाकडात असते तरी काय? बरीचशी हवा. झाड झपाट्याने वाढते, सहा-आठ वर्षांत तोडणीला येते. त्याच्या पेशी मोठ्या, भिंती पातळ. जिवंतपणी त्यांत पाणी असते, म्हणून ताजा ओंडका चांगला जड लागतो. भट्टीत वाळवला की पाणी जाते, पोकळी उरते. दहा भागांत जेमतेम एक भाग लाकूड!

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. कोरा कागद मेजावर उभा करून पाहा. तो स्वतःलाच सावरत नाही. आता तसल्याच तीन-चार कागदांच्या सुरळ्या करा, दोऱ्याने बांधून उभ्या करा आणि वर अलगद पुस्तक ठेवा. पुस्तक राहते! कागद तोच, घडण बदलली. बाल्सातील बहुतेक पेशी अशाच नळ्या, खोडाच्या लांबीला धरून उभ्या. म्हणून उभा भार तो पेलतो. आडवा दाबला तर मात्र नखाचाही वण उठतो.

हा गुण कारागिरांनी हेरला. फळी वाकते तेव्हा एक पृष्ठ ताणले जाते, दुसरे दाबले जाते. मधल्या थराचे काम मुख्यतः त्या दोघांना जागच्या जागी दूर धरण्याचे. तिथे जडपणा कशाला? दुसऱ्या महायुद्धातील ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश विमानाच्या धडाला बर्चच्या प्लायवुडचे दोन पापुद्रे होते, मध्ये बाल्सा. साताऱ्याकडच्या पठारांवर पवनचक्क्या आपण पाहिल्या असतील. जगातील अशा अनेक चक्क्यांच्या पात्यांच्या पोटातही बाल्सा असतो.

पण या गुणानेच झाडावर संकट आणले. २०२० च्या सुमारास पात्यांसाठी मागणी एकदम वाढली आणि इक्वेडोरच्या अ‍ॅमेझॉन भागातील नद्यांच्या बेटांवर बेकायदा तोड झाली. सहा-आठ वर्षांत वाढणारे झाडसुद्धा, लावण्यापेक्षा तोडणे जास्त झाले तर पुरणार कसे?