पाण्याखालची स्कूटर आणि थोडासा सरंजाम

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मालवणला मावशीकडे गेलो होतो. माझा मावसभाऊ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचे काम करतो. आठ दिवस त्याने मला रीतसर शिकवले आणि मग एका मित्राने आखातातून आणलेली पाण्याखालची स्कूटर माझ्या हाती दिली. स्कूटर म्हणजे दुचाकी नव्हे, हे आधी सांगायला हवे. कळशीएवढे एक यंत्र. आत बॅटरी व मोटार, मागे जाळीत बसवलेला पंखा. दोन्ही हातांनी धरून कळ दाबली की ते आपल्याला ओढत नेते. कळ सोडली की थांबते.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. तरीही या यंत्राने मला ते पुन्हा वाचायला लावले, त्याची ही हकीकत.

पहिला प्रश्न माझ्या मनात आला तो असा, की पर्यटकांना इतका सरंजाम घालणारा दादा स्वतः स्कूटर घेतो तेव्हा निम्मे सामान काठावर का ठेवतो? उत्तर पाण्याच्या विरोधात आहे. वेग दुप्पट झाला की पाण्याचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. पायांनी संथ पोहणाऱ्याला लोंबणारी नळी जाणवतही नाही. स्कूटरवर तीच नळी लगाम खेचल्यासारखी मागे ओढते. शिवाय मोकळा पट्टा पंख्यात अडकण्याची भीती वेगळीच. म्हणून दादाच्या पाठीवर एक पातळ पत्रा, त्याला साधे पट्टे आणि ६ लिटरचा छोटा सिलिंडर, एवढेच असते. हवा भरून तरंगायचे फुगीर जाकीट तो घालत नाही. जाड रबरी पोशाख खोल गेल्यावर दाबाने चेपतो, त्याची तरंगण्याची शक्ती घटते, ती भरून काढायला जाकीट लागते. मालवणच्या कोमट पाण्यात पातळ सदऱ्यावर भागते, मग उथळ पाण्यात वरखाली होणे छातीतल्या श्वासावर सांभाळता येते. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी आपले श्वसनयंत्र सिद्ध केले, तेव्हाच्या पाणबुड्यांकडेही असे जाकीट नव्हतेच. मला मात्र दादाने जाकीट सोडू दिले नाही, आणि माझ्या मते नवशिक्याने ते सोडूही नये. वर आल्यावर थकलेल्या माणसाला तरंगत ठेवायला दुसरे कोण आहे?

आता हवेचा हिशेब. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरली म्हणजे १२०० लिटर. त्यातले ५० बार, म्हणजे ३०० लिटर, अडीअडचणीसाठी राखून ठेवायचे. उरले ९००. माणसाला पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागतात असे धरू. ५ मीटरवर दाब दीडपट, म्हणून ३० लिटर. अर्धा तास झाला. स्कूटरवर पाय मारावे लागत नाहीत, धाप कमी, तेव्हा हीच हवा ४० मिनिटेही पुरते. (श्रम नाहीत म्हणून थंडीही लवकर वाजते, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते.) गंमत अशी, की त्या १२०० लिटर हवेचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. हवा संपत आली की माणूस तेवढा हलका होतो आणि आपोआप वर जाऊ पाहतो. कमरेच्या वजनपट्ट्यात शिशाचे तुकडे घालताना हे धरावे लागते.

काही गोष्टी दादा कधीच काढत नाही. उरलेली हवा दाखवणारा काटा, मनगटावरचे खोली दाखवणारे घड्याळ, नळी कापायची वेळ आलीच तर छोटी सुरी, आणि जोडीदारासाठी श्वास घ्यायचे दुसरे तोंड. ते दुसरे तोंड ओझे वाटते खरे. पण ते आपल्यासाठी नसतेच.

इथपर्यंत सारे सोपे होते. दहाव्या दिवशी चारेक मीटर पाण्यात मी एका माशांच्या थव्यामागे लागलो. थवा वर वळला, मीही स्कूटरचे नाक वर केले, आणि आनंदाच्या भरात श्वास धरून ठेवला. तेवढ्यात माझा पाय कोणीतरी खसकन खाली ओढला. तो दादा होता. वर आल्यावर मास्क काढून त्याने एवढेच विचारले, "श्वास कित्याक धरलंस?"

तेव्हा मला बॉईलचा नियम कळला. १० मीटरवर दाब दुप्पट. तिथे भरलेली छाती वर येईतो दुप्पट व्हायला बघते. २० मीटरवरून १० वर येताना ती दीडपटच वाढते. म्हणजे शेवटचे उथळ पाणीच सर्वांत घातक. दाबाखाली घेतलेली भरल्या छातीतली हवा धरून एक-दीड मीटर वर आले तरी फुप्फुस फाटू शकते, हवा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा अधिक नसावा असे शिकवतात. स्कूटर ताशी ४ किलोमीटरने जाते, म्हणजे सेकंदाला एक मीटरहून थोडे जास्त. आमचे चार मीटर चार सेकंदांत संपले असते. पायांनी पोहणाऱ्याला त्याचे कष्टच हळू ठेवतात. स्कूटरवर तो लगाम नाही, आणि 'उथळच तर आहे' हा समज माझ्यासारख्याच्या मनात पक्का असतो.

पुढचे दोन दिवस स्कूटर माझ्या हाती आली नाही. दादाने मला नुसते वर यायला लावले. कळ सोडायची, यंत्र बाजूला लटकू द्यायचे, मान वर करायची आणि तोंडातल्या तोंडात 'हूं' म्हणत, बुडबुडे सोडत, आपल्याच छोट्या बुडबुड्यांपेक्षा सावकाश वर यायचे. वीस वेळा. होडीवरचे लोक हसत होते. तिसऱ्या दिवशी त्याने स्कूटर दिली तेव्हा माझ्या बाजूला तो होता, आणि माझ्या हुंकाराकडे त्याचे कान लागलेले होते.