पेन्सिलीची फुली

भोरच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ बसायचे. हिरडस मावळातून पहिल्या एसटीने आलेला माणूस भरलेला अर्ज त्यांच्यापुढे धरायचा. ते चष्म्यावरून बघत पेन्सिलीने एक बारीक फुली मारायचे आणि म्हणायचे, ‘‘काका, इथं गट नंबर राहिला.’’ तेवढं भरलं की काम झालं. बाकीच्या मजकुराला धक्का लागायचा नाही. आज मी पुण्यात वेब ॲप्लिकेशनचे फॉर्म लिहितो. ब्राउझरमधल्या फॉर्मची तीस वर्षं मागे वळून पाहिली की वाटतं, ही सगळी धडपड त्या फुलीपर्यंत पोचण्याचीच होती.

नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चं प्रमाण प्रसिद्ध झालं. त्यात रकाने होते, सबमिटचं बटण होतं. तपासणी मात्र सगळी सर्व्हरवर. बटण दाबायचं, वाट बघायची आणि एक चूक निघाली की पुन्हा नवं पान. पुढच्याच महिन्यात नेटस्केपने जावास्क्रिप्ट जाहीर केली. अर्ज पाठवण्याआधी तपासणं हे तिच्या वाट्याला आलेल्या पहिल्या कामांपैकी एक. चूक लगेच कळायला लागली, पण ती सांगायला अलर्टची खिडकी तोंडावर यायची. कोणता रकाना चुकला, ते आपलं आपण शोधायचं.

१९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने पान न बदलता सर्व्हरशी बोलायची सोय आणली. २००५ मध्ये या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव मिळालं, तर २००६ मध्ये जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी आली. ‘पुणे’ निवडलं की खालच्या यादीत भोर, वेल्हे आपोआप यायला लागले, तेव्हा आम्हाला केवढं अप्रूप वाटलं होतं!

२०१० चं अँग्युलर आणि २०१३ चं रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या साधनांनी अर्जच ब्राउझरच्या स्मृतीत नेला. खरी किंमत तिथे, पडद्यावर दिसते ती तिची सावली. यातून एक खोड लागली: प्रत्येक कळ दाबली की तपासणी. नावाचं पहिलं अक्षर उमटतं न उमटतं तोच लाल अक्षरांत ‘नाव अपुरं आहे’. स्वस्त फोनवर मोठा अर्ज असला की टंकलेलं अक्षरही मागाहून यायचं. माणूस रकान्यातून बाहेर पडेपर्यंत गप्प बसावं, हे शिकायला आम्हाला काही वर्षं लागली.

आपल्या भाषेने तर वेगळाच धडा दिला. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरांचं. संगणकाच्या मोजणीत दहा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. त्यामुळे रकान्याला घातलेली मर्यादा लांब नावाला मध्येच कापते. २०१८ पासून जावास्क्रिप्टच्या मजकूर तपासण्याच्या नमुन्यात ‘कोणत्याही लिपीचं अक्षर’ असं मागता येऊ लागलं. आम्ही खूश. पण काना, मात्रा, हलन्त यांची गणना तिथे अक्षरांत होत नाही, खुणांत होते. त्या वेगळ्या मागाव्या लागतात. तेवढं विसरलं की फॉर्म ज्ञानेश्वरालाच सांगतो, तुझं नाव चुकीचं आहे. भोरचा पिनकोड देवनागरीत ४१२२०६ असा लिहिला, तर जावास्क्रिप्ट त्याला आकडा मानत नाही. तो आपण बदलून घ्यायचा असतो, माणसाला परत पाठवायचं नसतं.

तोवर ऑनलाइन अर्ज गावोगाव पोचले होते. २०१७ ची कर्जमाफी, २०२१ ची ई-पीक पाहणी, जुलै २०२४ पासून लाडकी बहीण. त्यातल्याच काळातला वेल्ह्याच्या मावशीचा फोन आठवतो. तोरण्याच्या पायथ्याला पाऊस कोसळत होता आणि नेटवर्क ये-जा करत होतं. ‘‘अरे, समदं भरलं, बटण दाबलं आन् कोरं झालं की!’’ संकेतस्थळ कोणतं ते सोडून देऊ. तसा फॉर्म मीही लिहिलेला आहे. सर्व्हरचं उत्तर येण्याआधी रकाने पुसायचे नसतात. लिहिलेलं फोनमध्येच साठवायचं आणि नेटवर्क आलं की पुढे न्यायचं. बटण दोनदा दाबलं तरी अर्ज एकच राहावा म्हणून त्याला आधीच एक क्रमांक द्यायचा. मात्र सेवा केंद्रातल्या एका संगणकावर दिवसभर पन्नास जण बसतात. तिथे साठवलेल्या मसुद्यात आधीच्या माणसाचा आधार क्रमांक उरता कामा नये.

मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. त्याच महिन्यात, १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचंही ठरलं. कागदावर एक ओळ बदलते. फॉर्ममध्ये तालुक्यांची यादी कोडातच कोरून ठेवली असेल, नावाचे तीनच रकाने धरले असतील, तर सगळं उकलत बसावं लागतं. म्हणून तालुक्याचं नाव नव्हे, त्याचा संकेतांक साठवायचा. आणि हे सगळं करूनही ब्राउझरमधली तपासणी कुणालाही चुकवता येते, त्यामुळे अखेरचा निवाडा सर्व्हरचाच. डिसेंबर २०२४ च्या रिॲक्ट १९ मध्येही साध्या फॉर्मला पुन्हा मान मिळाला. तीस वर्षांत वळसा घालून आम्ही बरेचसे तिथेच आलो.

ब्राउझरची तपासणी म्हणजे दारावरचा शिपाई, असं मला पूर्वी वाटायचं. आता ती बाहेर बसलेल्या त्या गृहस्थांसारखी असावी असं वाटतं. नवा फॉर्म झाला की मी फोनचं नेटवर्क मुद्दाम बंद करतो, एक रकाना मोकळा ठेवतो आणि सबमिट दाबतो. भरलेलं जिथल्या तिथे राहिलं का आणि फुली नेमक्या जागी उमटली का, एवढंच बघतो.